टोकियोतलं त्सुकुदा आणि त्सुकिशिमा : नदीच्या मुखावरची कोळ्यांची वस्ती

अवनी_निशीकासाई

"जुनं टोकियो कुठे बघायला मिळेल?" हा प्रश्न इथे वरचेवर येतो आणि उत्तर दरवेळी आसाकुसा असतं. आसाकुसा जरूर बघा. पण सुमिदा नदी जिथे खाडीला मिळते तिथल्या त्सुकुदा आणि त्सुकिशिमा या जोडवस्त्यांसाठी एक अख्खा दिवस राखून ठेवा, असं मी आग्रहाने सांगेन. मी निशी-कासाईला राहते. तिथून तोझाई लाइनने मोन्झेन-नाकाचो आणि मग ओएदो लाइनने पुढचंच स्टेशन. सवड मिळाली की माझे पाय तिकडेच वळतात, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते आहे.

आधी इतिहास, कारण तो माहीत नसेल तर तिथली घरं नुसतीच घरं वाटतात.

तोकुगावा इएयासु, जो पुढे जपानचा शोगुन म्हणजे लष्करी सत्ताधीश झाला, १५९० मध्ये एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला आला. त्याच्यामागे ओसाकाजवळच्या सेत्सु प्रांतातल्या त्सुकुदा गावचे कोळी आले. परंपरा सांगते की ते ३३ जण होते, मोरी मागोएमोन हा त्यांचा म्होरक्या होता आणि सोबत गावच्या देवळाचा पुजारीही होता. शोगुनच्या मुदपाकखान्याला मासळी पुरवायची, त्यातही शिराउओ नावाचे बारीक, पारदर्शक मासे हिवाळ्यात रात्री होड्यांवर आग पेटवून धरायचे, आणि बदल्यात खाडीत मासेमारीचा हक्क घ्यायचा, असा व्यवहार ठरला. राहायला मिळाली ती नदीच्या मुखाजवळची चिखलाची जागा. तिथे त्यांनी भराव घालून १६४४ मध्ये बेट उभं केलं आणि त्याला आपल्या गावाचंच नाव दिलं. १६४६ मध्ये सुमियोशीचं देऊळ बांधलं. सुमियोशी म्हणजे दर्यावर्दींना सांभाळणारे तीन सागरदेव.

शोगुनला देऊन उरलेली मासळी विकायची त्यांना मुभा होती. त्या विक्रीतून निहोनबाशीचा मासळीबाजार उभा राहिला. १९२३ च्या भूकंपानंतर तो त्सुकिजीला हलला आणि २०१८ मध्ये तोयोसुला. आज जगभरातून लोक पहाटे उठून जो बाजार बघायला जातात, त्याचं मूळ या चिमुकल्या बेटावरच्या कोळ्यांपाशी जातं.

आता प्रत्यक्ष फेरफटका. त्सुकिशिमा स्टेशनच्या ६ नंबरच्या दारातून बाहेर पडा. पाच मिनिटांत लाल कठड्यांचा छोटासा पूल लागतो, त्सुकुदा-कोबाशी. खाली आत शिरलेली खाडी, तिच्यात बांधलेल्या होड्या, आणि मागे आभाळाला भिडलेले टॉवर. सगळे इथे फोटो काढतात आणि पुढे जातात. माझं म्हणणं, थोडं थांबा आणि पाण्याकडे बघा. तिथे एक फलक आहे. त्यावरचा मजकूर साधारण असा : १७९८ मध्ये शोगुनशाहीने परवानगी दिलेल्या मोठ्या निशाणांचे खांब या जागी पुरलेले आहेत, तेव्हा आत उतरू नका आणि उकरू नका. खाली सही त्सुकुदाच्या सुमियोशी-को या मंडळाची.

दर तीन वर्षांनी ऑगस्टच्या सुरुवातीला सुमियोशीचा मोठा उत्सव असतो. त्या वेळी हे खांब चिखलातून काढतात, धुतात आणि त्यांवर भलीमोठी निशाणं चढवतात. उत्सव संपला की खांब पुन्हा चिखलात. पाण्याखालच्या गाळात हवा पोचत नाही, म्हणून लाकूड कुजत नाही. मधल्या काळात वरून काहीच दिसत नाही, ओहोटीला नुसता काळा गाळ आणि त्यावर चालणारे बगळे. मला अख्ख्या टोकियोत या गाळाइतकं जुनं काही भेटलेलं नाही. एखाद्या गोदामात कुलूप लावून ठेवता आले असते ते खांब. पण पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली रीत आहे, आणि ती अजून चालू आहे.

पूल ओलांडला की त्सुकुदानीची दुकानं. बारीक मासे, शिंपल्यांतलं मांस, कोळंबी, कोंबू हे समुद्री शेवाळ, असं काय काय सोया सॉस, साखर आणि मिरिन या गोडसर तांदळाच्या मद्यात आटवून आटवून केलेला हा टिकाऊ पदार्थ. कोळ्यांनी विकायला न्यायच्या लायकीची नसलेली बारकी मासळी घरच्यासाठी आणि होडीवर न्यायला शिजवून ठेवायची, त्यातून तो आला. आधी नुसत्या मिठात, पुढे सोया सॉस स्वस्त झाल्यावर त्यात. नदीकाठच्या एकाच रस्त्यावर जुनी दुकानं आहेत. त्यातलं तेन्‌यासु १८३७ पासूनचं. लाकडी दरवाजा सरकवला की सोया आणि साखर कढल्याचा वास अंगावर येतो. काचेच्या पेटीत चौकोनी थाळ्या, प्रत्येकीत गर्द तपकिरी, चकाकणारा ढीग. शंभर ग्रॅमच्या हिशोबाने भाव लिहिलेले. थोडं थोडं तीन-चार प्रकारचं मागितलं तरी तितक्याच आस्थेने बांधून देतात. आसारीच्या शिंपल्यांचं घ्याच. गरम भातावर चिमूटभर पुरतं, जास्त घातलं तर खारट होतं.

त्याच भागात घरांच्या मधून जाणारी एक बोळ आहे, एका वेळी एकच माणूस जाईल इतकी अरुंद. आत तेंदाई जिझो, म्हणजे वाटसरूंचा आणि मुलांचा राखणदार मानला जाणारा बोधिसत्त्व. दगडावर रेघांनी कोरलेली मूर्ती आणि तिच्या अंगावरून वर गेलेला गिंकोचा जाडजूड बुंधा. छप्पर बांधताना झाड तोडलं नाही, छपराला भोक पाडून झाड तसंच बाहेर काढलंय. आत दिवसाही अंधार असतो, उदबत्ती जळत असते, आणि शेजारच्या घरातल्या टीव्हीचा आवाज ऐकू येतो. ही लोकांच्या घरांमधली जागा आहे, तेव्हा बोलणं हळू ठेवा.

नदीकाठी त्सुकुदाच्या तरीची, म्हणजे नदी ओलांडून नेणाऱ्या होडीसेवेची, शिळा बघा. १६४५ पासून बेटावर यायला-जायला होडी हाच मार्ग. १९२७ पासून ती फुकट झाली आणि १९५० च्या दशकात दिवसाला सत्तरेक फेऱ्या व्हायच्या. ऑगस्ट १९६४ मध्ये, ऑलिंपिकच्या तोंडावर, त्सुकुदा ओहाशी हा पूल झाला आणि तर बंद पडली. पूल व्हावा असं बेटावरच्या लोकांनाही वाटत होतंच, पण जवळजवळ तीनशेवीस वर्षांची तर बंद पडण्याचं दुःखही तितकंच खरं.

पुढे त्सुकिशिमा आणि मोंजा हा तिथला तव्यावरचा पदार्थ. त्यावर खाली लिहीनच, कोणी ना कोणी विचारणारच आहे.

---

खाडीकिनारा

ताई, लेख एका दमात वाचला. मी वेसाव्याचा, घरची होडी अजून आहे, म्हणून दोन प्रश्न पडले. एक, आता तिथे मासेमारी चालते का? आणि दुसरा जास्त महत्त्वाचा. मासेमारी नसेल तर उत्सव कोण करतो? आमच्याकडे नारळी पुनवेला ज्याची होडी तो पुढे, हे समीकरण आहे. होड्याच गेल्या तर पालखीला खांदा द्यायला तरुण पोरं यायचीत का, ही चिंता आमच्या घराघरात आहे.

---

अवनी_निशीकासाई

खाडीकिनारा दादा, तुमचा दुसरा प्रश्न माझ्याही मनात फार दिवस होता.

मासेमारी गेली. कारखान्यांच्या पाण्याने खाडी नासत गेली आणि बंदर, भराव, रस्ते यांच्यासाठी १९६२ मध्ये टोकियोच्या मच्छीमार संस्थांनी भरपाई घेऊन मासेमारीचे हक्क सोडून दिले. त्यानंतर भरतीपासून बचावासाठी काठाला काँक्रीटचे बांध आले. त्याआधी उत्सवात सुमियोशीची पालखी, म्हणजे मिकोशी, खांद्यावर घेऊन माणसं थेट पाण्यात उतरायची. बांधानंतर ते थांबलं. आता मिकोशी होडीवर चढवून नदीतून फिरवतात. म्हणजे पाण्याशी असलेला संबंध त्यांनी तोडला नाही, वाट बदलली.

कोण करतं, तर सुमियोशी-को. वस्तीचे तीन भाग आहेत, पहिला, दुसरा, तिसरा, आणि निशाणं, सिंहाची लाकडी तोंडं, पालखी यांची कामं त्या भागांत वाटलेली आहेत. वयाप्रमाणे जबाबदारी चढत जाते. पोरगा आधी दोर ओढतो, मग खांदा देतो, मग इतरांना सांगण्याच्या जागी येतो. घरात कोणी कोळी उरलेला नाही, पण दोर कोणी ओढायचा हे ठरलेलं आहे. मला वाटतं वस्ती टिकली ती यामुळे. धंदा गेल्यावर उत्सव राहील का, असं आपण विचारतो. तिथे उत्सवाने माणसं एकमेकांना बांधून ठेवली.

---

नाना_नाशिककर

लेख चांगला आहे, माहिती भरपूर. पण एक स्पष्ट सांगतो. तुमचा लेख वाचून फोटो शोधून पाहिले. पत्र्याची, प्लास्टरची साधी दुमजली घरं, बाहेर एसीची यंत्रं, सायकली, कुंड्या. यात 'जुनं' काय आहे? मुलाकडे गेलो होतो तेव्हा क्योतो पाहिलं, कानाझावा पाहिलं, तिथे रस्तेच्या रस्ते लाकडी घरांचे. मोजक्या दिवसांच्या सहलीत इथे दिवस का घालवायचा?

---

अवनी_निशीकासाई

नाना, प्रश्न रास्त आहे. क्योतोशी तुलना केली तर त्सुकुदात लाकडी वाडे बघायला मिळणार नाहीत. १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीतून त्सुकुदा वाचलं, १९४५ च्या बॉम्बहल्ल्यांतूनही हा भाग बऱ्यापैकी वाचला, त्यामुळे काही जुनी घरं आहेत. पण पुष्कळ घरं पुन्हा बांधलेली आहेत हे खरं.

तरी तिथे जे जुनं आहे ते जमिनीवर उमटलेलं आहे. गल्ल्यांची रुंदी, वळणं, घरांच्या मधोमध असलेला हातपंप, पाण्याकडे तोंड करून उभं असलेलं देऊळ. माणसं राहती आहेत, म्हणून घर जुनं झालं की ते पाडून तिथेच नवं बांधतात, पण बोळ तशीच राहते. क्योतोत आपण जतन केलेलं बघतो. इथे वापरात असलेलं बघायला मिळतं. दोन्ही बघण्यासारखं आहे, आणि टोकियोत दोन-तीन दिवस असाल तर दुसऱ्या प्रकारासाठी मी तरी त्सुकुदाच सुचवेन.

देवळात एक गोष्ट खास नानांसाठी. हात धुण्याच्या कुंडावर जे छत आहे त्याच्या पट्टीवरचं लाकडी कोरीवकाम मान वर करून बघा. बेटाचा दीपस्तंभ आणि तरीची होडी त्यात कोरलेली आहे. आणि तोरीवरचा, म्हणजे देवळाच्या कमानीवरचा, फलक चिनीमातीचा आहे, १८८२ चा. लाकडी किंवा धातूचे फलक सगळीकडे दिसतात, चिनीमातीचा क्वचित.

---

पल्लवी_ओसाका

वा! आमच्या ओसाकाचा उल्लेख आला म्हणून लॉगिन केलं.

ते मूळ त्सुकुदा गाव आता ओसाका शहराच्या निशीयोदोगावा वॉर्डात आहे. हानशिन लाइनवरच्या चिबुने स्टेशनला उतरायचं. तामिनो देऊळ तिथे आहे, त्सुकुदा बेटावर गेलेला पुजारी तिथलाच. आवारात बेटाशी असलेलं नातं सांगणारी शिळाही आहे. भोवती कारखाने, गोदामं आणि साधी वस्ती. पर्यटक जवळजवळ नाहीत.

नदीच्या मुखावरच्या चिखलात राहायची सवय असलेली माणसं दुसऱ्या नदीच्या मुखावरच्या चिखलात जाऊन राहिली, हे दोन्ही जागा पाहिल्यावर फार जाणवतं. योदो नदीचे फाटे, त्यातली बेटं, भरती-ओहोटी, सगळं त्यांना पाठच होतं. इएयासुने नेमक्या लोकांना बोलावलं. आणि ते नुसते मासे धरणारे नव्हते. भराव कसा घालायचा हेही त्यांना ठाऊक होतं. १६५७ च्या मोठ्या आगीत होंगान्‌जी देऊळ जळालं, तेव्हा नव्या जागेसाठी समुद्रात भराव घालण्याच्या कामात हे त्सुकुदाचे कोळी पुढे होते. तीच आजची त्सुकिजीची जमीन.

---

अवनी_निशीकासाई

पल्लवी, किती छान भर घातलीस! होंगान्‌जीचा धागा पुढे त्सुकुदाच्या बोन ओदोरीपर्यंत, म्हणजे पितरांच्या सणातल्या नाचापर्यंत जातो. देवळासाठी वर्गणी गोळा करत एदोभर नाचत फिरायचे, त्यातून तो नाच आला असं सांगतात.

---

गाळ_आणि_भराव

मी बंदर बांधणीच्या कामात आहे, त्यामुळे भरावाबद्दल थोडं.

त्सुकिशिमा त्सुकुदापेक्षा जवळजवळ अडीचशे वर्षांनी धाकटं. मेइजी काळात (१८६८ ते १९१२) सुमिदाच्या मुखाशी गाळ साचून मोठी जहाजं आत येईनात, म्हणून जलमार्ग खणायला घेतला. खणलेला गाळ टाकायला जागा हवी होती, त्यातून १८९२ मध्ये त्सुकिशिमाची जमीन तयार झाली. एकाच कामात दोन हेतू साधले. नकाशा उघडला तर फरक लगेच दिसतो. त्सुकुदाच्या गल्ल्या होडीच्या धक्क्याकडे वळतात, त्सुकिशिमाचे रस्ते पट्टीने आखलेले, सरळ, काटकोनात. कारखाने आणि कामगारांच्या चाळींसाठीच आखणी झालेली.

उत्तरेकडच्या इशिकावाजिमावर १८५३ मध्ये मितोच्या सरदाराने जहाजबांधणीचा कारखाना काढला. अमेरिकेची काळी युद्धजहाजं जपानच्या किनाऱ्याला लागली ते हेच वर्ष, निकड उघड आहे. तो कारखाना १९७९ पर्यंत चालला. अवनींनी लाल पुलामागे जे टॉवर सांगितले ते त्याच जागेवर, रिव्हर सिटी २१.

वेळ असेल तर काचिदोकी पुलापर्यंत चालत जाच. १९४० चा, मधोमध दुभंगून वर उचलला जाणारा पूल. सुरुवातीला दिवसातून पाच वेळा, वीस-वीस मिनिटं उघडायचा. जहाजं कमी झाली, मोटारी वाढल्या आणि १९७० मध्ये तो शेवटचा उघडला. आता तो राष्ट्रीय पातळीवर जपलेला वारसा आहे. शेजारी छोटं संग्रहालय आहे, प्रवेश फुकट, मात्र रोज उघडं नसतं. पुलाच्या मध्यावर उभं राहिलात आणि ट्रक गेला की दोन पात्यांमधली फट पायाला थरथर जाणवते. मी माझ्या धंद्यातल्या प्रत्येकाला तिथे उभा करतो.

---

मंजिरी_शाकाहारी

वाचनखूण साठवली. आता नेहमीचा प्रश्न. आम्ही शाकाहारी, सोबत सासू-सासरे, त्यांना कांदा-लसूण चालतो पण मासे अजिबात नाहीत. मोंजा म्हणजे नक्की काय? आमच्यासाठी काही आहे का?

---

अवनी_निशीकासाई

मंजिरीताई, आधी मोंजा काय ते सांगते.

मैद्याचं अगदी पातळ, पाण्यासारखं पीठ, त्यात दाशी म्हणजे सुकवलेल्या माशाचा अर्क आणि वुस्टर सॉस. वाडग्यात वर बारीक चिरलेला कोबी आणि जे मागवलं असेल ते. टेबलातच तापलेला लोखंडी तवा असतो. आधी फक्त कोबी आणि बाकीचा ऐवज तव्यावर घालून दोन उलथण्यांनी खटाखट बारीक करायचा. मऊ झाला की त्याचं गोल आळं करायचं आणि मधल्या मोकळ्या जागेत पीठ ओतायचं. आळं फुटलं तर पीठ तवाभर पळतं, म्हणून बांध जाड ठेवा. पीठ बुडबुडायला लागून घट्ट झालं की सगळं एकत्र करून पातळ पसरायचं. खालून खरपूस झालं की बोटाएवढ्या उलथण्याने कडेचा तुकडा तव्यावर दाबायचा, तो चिकटतो, तसाच उचलून तोंडात. ताटलीत वाढून घेत नाहीत. वर मऊ आणि खाली कुरकुरीत, ती कड खाण्यासाठीच सगळा खटाटोप.

हे मुळात पोरांचं खाणं. त्सुकिशिमाच्या गल्ल्यांत गोळ्या-बिस्किटं विकणारी छोटी दुकानं होती, तिथे शाळा सुटली की पोरं तव्याभोवती बसून खायची. आता निशीनाका-दोरीवर दुतर्फा मोंजाचीच दुकानं आहेत.

तुमच्यासाठी अडचण दाशीची. पिठातच ती मिसळलेली असते, त्यामुळे वरचं साहित्य भाज्यांचं मागवलं तरी पदार्थ शाकाहारी होत नाही. वुस्टर सॉसचंही तसंच, काहींत मासा असतो. शाकाहारी मोंजा देणारी दुकानं टोकियोत आहेत, पण आधी फोन करून "दाशीशिवाय, मांस-मासे-अंडं नको" असं स्पष्ट विचारा आणि सासूबाईंना फसवल्यासारखं होऊ नये म्हणून तवाही वेगळा मिळेल का ते विचारून घ्या. त्सुकुदानीत कोंबूचं किंवा भाज्यांचं मिळतं. दुकानात "यात मासा किंवा दाशी आहे का?" विचारलं की ते खरं सांगतात. त्या मंडळींसाठी घरून थेपले-पुऱ्या न्या आणि नदीकाठच्या बागेत बसून खा, तिथे बाकं आहेत.

---

सदाशिव_काका

बाग म्हणजे तो जुना दीपस्तंभ असलेलीच ना? मुलीकडे गेलो होतो तेव्हा तिथे रोज संध्याकाळी बसायचो. त्या दीपस्तंभाची हकीकत कोणी सांगेल का? फलक जपानीत होता.

---

अवनी_निशीकासाई

हो काका, तीच. इशिकावाजिमावर १७९० मध्ये हासेगावा हेइझो या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने एक जागा काढली गेली. दुष्काळाने एदोत आलेले बेघर आणि किरकोळ गुन्ह्यांत सापडलेले लोक तिथे ठेवायचे, त्यांना सुतारकाम, कागद करणं, तेल गाळणं असले धंदे शिकवायचे, मजुरीतला काही भाग शिल्लक ठेवायचा आणि सुटताना तो हातात द्यायचा, म्हणजे बाहेर पडून पोट भरता येईल. कोंडून ठेवणं होतंच, पण हाताला काम देऊन सोडायचा विचार अठराव्या शतकात झाला होता, हे मला फार मोलाचं वाटतं.

१८६६ मध्ये तिथल्या प्रमुखाने तेल गाळण्याच्या नफ्यातून, तिथल्याच मजुरांच्या हातून, जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांसाठी कायम जळणारा दिवा उभा केला. तुम्ही पाहिलात तो त्याची प्रतिकृती. तिच्या तळाशी सार्वजनिक स्वच्छतागृह आहे, ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखं.

---

श्रमिक_अभ्यासक

या धाग्यावर एक गोष्ट यायलाच हवी. १९१८ ते १९२० या काळात ताकानो इवासाबुरो यांच्या नेतृत्वाखाली गृहखात्याने त्सुकिशिमाची पाहणी केली. जपानमधल्या कामगारवस्तीचा तो अगदी सुरुवातीचा सामाजिक अभ्यास. अभ्यासक वस्तीतच घर घेऊन राहिले. कामगार काय खातात, मुलांची वाढ कशी आहे, घरात किती माणसांमागे किती जागा, दुकानं कोणती, करमणूक कसली, सगळं टिपलं. पुढे दोन-तीन वर्षांतच भूकंपाच्या आगीत त्सुकिशिमाचा बराचसा भाग जळून गेला. त्यामुळे त्या आधीची वस्ती कशी होती हे आज कळतं ते याच पाहणीमुळे.

म्हणून त्सुकिशिमाला जाल तर मोंजाच्या रस्त्यावरच थांबू नका. त्याला काटकोनात फुटणाऱ्या रोजी, म्हणजे बोळी, बघा. दोन्ही बाजूंना चाळीची घरं, दारात कुंड्यांच्या रांगा, वर वाळत घातलेले कपडे. जुने कामगार ज्या मापात राहिले ते माप तिथे अजून अंगाला जाणवतं.

---

टॉवरवासी

मी रिव्हर सिटीतल्या एका टॉवरमध्ये राहतो, म्हणून दुसरी बाजू. "टॉवरांनी वस्ती मारली" असं काही लोक म्हणतात. त्सुकिशिमात नव्या टॉवरांसाठी बोळीच्या बोळी गेल्या आहेत, हे डोळ्यांनी पाहिलंय, आणि त्याचं वाईट वाटतं. आगीच्या आणि भूकंपाच्या भीतीने पुनर्विकास होतो, हे कारणही खोटं नाही. दाट लाकडी चाळीत बंब शिरत नाही.

पण टॉवरमधली माणसं परकीच राहतात असं नाही. माझ्या मुलीला शाळेतल्या मैत्रिणींमुळे उत्सवात लहान मुलांची मिकोशी ओढायला बोलावलं. आम्हीही गेलो. रस्त्याच्या कडेने लोक बादल्यांनी, पाइपांनी खांदेकऱ्यांवर पाणी मारत होते, ऑगस्टच्या उकाड्यात ते हवंहवंसं वाटतं. उत्सवाच्या सुरुवातीला सिंहाची तोंडं बाहेर काढतात तेव्हा त्यांच्या नाकाला हात लावायला तरुणांची झुंबड उडते, ती बघायला मात्र लांब उभे राहा, फार रेटारेटी असते. मुख्य मिकोशी आठ कोनी आहे. त्या आवाजात, त्या घामात आपण कुठून आलो हे कोणी विचारलं नाही. पुढच्या उत्सवात मला खांदा द्यायचा आहे, आणि त्यासाठी वस्तीतल्या ज्येष्ठांकडे आधी रीतसर जायचं असतं हे शिकलोय.

---

नाना_नाशिककर

अवनीताई, वाचतोय. त्या कोरीवकामाचं आणि चिखलातल्या खांबांचं वाचून मत बदलत चाललंय. उत्सव तीन वर्षांतून एकदा, तो काही आमच्या तिकिटाशी जुळेल असं नाही. दर वर्षी काही असतं का?

---

अवनी_निशीकासाई

असतं ना, नाना. जुलैच्या मध्याला बोन ओदोरी. टोकियो महानगराने लोकवारसा म्हणून त्याची नोंद केली आहे. बाकी ठिकाणी बोनचा नाच म्हणजे लाउडस्पीकरवर गाणी आणि रोषणाई. इथे मधोमध छोटा मचाण, त्यावर एक गाणारा आणि एक ढोल, बस्स. गाणं संथ, पावलं साधी. आधी मुलं नाचतात, अंधारल्यावर मोठी माणसं. नदीच्या बाजूला एक छोटं देवघर मांडलेलं असतं, ज्यांचं नाव-गाव कळलं नाही अशा मृतांसाठी, नदीत वाहत आलेल्यांसाठी. नाचायला आलेले आधी तिथे हात जोडतात, मग रिंगणात शिरतात.

बाहेरच्यांना रिंगणात यायला आडकाठी नाही. बाहेरच्या कडेला उभे राहा, पुढच्याची पावलं बघा, दोन फेऱ्यांत जमतं. फोटो काढायचे तर त्या देवघराचे काढू नका आणि फ्लॅश बंद ठेवा.

---

खाडीकिनारा

ताई, नदीत वाहत आलेल्यांसाठी वेगळी जागा ठेवतात हे वाचून थांबलो. दर्यावर जाणाऱ्यांनाच हे सुचतं. तुमचा लेख आणि टॉवरवासी यांचा प्रतिसाद आमच्या गावातल्या पोरांच्या ग्रुपवर टाकला आहे, चालेल ना? कामं भागाभागांत वाटायची आणि वयाप्रमाणे जबाबदारी द्यायची, हे आमच्या बैठकीत मांडणार आहे.

---

अवनी_निशीकासाई

जरूर टाका दादा, विचारायची गरजच नव्हती. आणि देवळाच्या आवारात कात्सुओझुका नावाची शिळा आहे, तिचंही पोरांना सांगा. सुकवलेल्या कात्सुओ माशाचा, म्हणजे कात्सुओबुशीचा व्यापार करणाऱ्या टोकियोतल्या व्यापाऱ्यांनी १९५३ मध्ये ती उभारली. ज्या माशावर आपलं पोट चालतं त्याच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून.

---

मंजिरी_शाकाहारी

शेवटची शंका. सासूबाईंचे गुडघे दुखतात. एका दिवसात हे सगळं होईल का?

---

अवनी_निशीकासाई

होईल, जमीन सपाट आहे, भरावाचीच ना सगळी. स्टेशनमध्ये लिफ्ट कुठल्या दाराला आहे ते आधी बघून ठेवा, बाकी चढ फक्त नदीच्या बांधावर जाताना. सकाळी ६ नंबरच्या दाराने त्सुकुदा, देऊळ, त्सुकुदानी, बाग. मधली विश्रांती बागेतच. दुपारी परत स्टेशनकडे येऊन ७ नंबरच्या बाजूने त्सुकिशिमाचा मोंजाचा रस्ता आणि बोळी. काचिदोकी पूल चालत लांब वाटला तर ओएदो लाइनने एकच स्टेशन आहे. त्सुकुदानीची दुकानं संध्याकाळी लवकर बंद होतात, म्हणून खरेदी सकाळीच उरका.